सागाचा दांडा आणि जन्मभराची हमी

“दांडा ना? सागाचा घ्या, जन्मभर बघायला नको.” मुलुंडच्या बाजारातलं हार्डवेअरचं दुकान असो, घाटकोपरची वखार असो की बोरिवलीतले शेजारचे जाणते काका असोत, फेकायच्या कुऱ्हाडीसाठी दांडा हवा म्हटलं की हेच उत्तर मिळतं. इतक्या खात्रीनं दिलेला सल्ला चुकीचा असेल, असं कुणाला वाटत नाही. तो चुकीचा आहे, आणि तो पाळल्यानं उडालेलं पातं कुणाच्या अंगावर येऊ शकतं. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

सागाची कीर्ती खोटी नाही. त्याच्या अंगात तेल असतं, वाळवी त्याला सहसा शिवत नाही, पावसात तो फारसा फुगत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दाराची चौकट, खिडकी, पलंग, होडी यांच्यासाठी साग घ्यावा, जरूर घ्यावा. पण या सगळ्या वस्तूंना वाळवी, कूज आणि वर्षं सोसायची असतात. कुऱ्हाडीच्या दांड्याला सोसायचा असतो दणका. या दोन परीक्षा वेगळ्या आहेत, आणि एकीत पहिला आलेला दुसरीत पहिला येईलच असं नाही.

फेकलेली कुऱ्हाड हवेत एक गिरकी घेऊन फळीत रुतते तेव्हा काय होतं ते पाहा. पातं क्षणात थांबतं. दांडा मात्र अजून गतीत असतो आणि पुढे जायला बघतो. तो सगळा जोर नेढ्याच्या, म्हणजे पात्यातल्या दांडा बसवायच्या भोकाच्या, लगेच खाली, बोटभर जागेत येतो. लाकूड तोडताना दांड्याचं दुसरं टोक हातात असतं आणि हात थोडा धक्का पिऊन घेतो. फेकताना ती सोय नाही. नेम चुकला तर दांडाच आधी फळीवर आपटतो. शेजारी आधीची कुऱ्हाड रुतलेली असेल तर तिचं पातं नव्या दांड्याला घासतं. दांडे बहुतेक वेळा नेढ्याच्या खालीच तुटतात ते यामुळे.

आता आकडे, कारण इथे कुणी ना कुणी “पण साग मजबूतच असतो” म्हणणारच. अमेरिकी वनखात्याच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचं ‘वूड हँडबुक’ उघडा. हळूहळू भार वाढवत वाकवलं तर वाळलेला साग आणि अवजारांच्या दांड्यांसाठी नावाजलेलं व्हाइट अ‍ॅश जवळजवळ सारख्याच भाराला मोडतात. सागाचं बळ सुमारे 101 मेगापास्कल, अ‍ॅशचं 103. पण मोडण्याआधी लाकूड किती ऊर्जा पचवतं हे मोजलं की चित्र पालटतं. कमाल भारापर्यंत साग घनमीटरला सुमारे 83 किलोज्यूल पचवतो, अ‍ॅश 115 आणि शॅगबार्क हिकरी तब्बल 178. म्हणजे हिकरीच्या निम्म्यालाही साग पोहोचत नाही. दणका म्हणजे क्षणात अंगावर आलेली ऊर्जा. ती पचवता आली नाही की लाकूड मोडतं. परदेशी फेकीच्या कुऱ्हाडींना हिकरीचे दांडे असतात ते उगाच नव्हे.

या गैरसमजाला सरकारी तक्त्यांचाही नकळत आधार मिळतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेनं भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला 100 गुण धरले आणि बाकीची लाकडं त्याच्याशी ताडून पाहिली. सागाचे 100 गुण म्हणजे तो पहिला आला असं नव्हे. तो फक्त मोजपट्टी आहे. दणका सोसण्याच्या रकान्यात शंभराच्या वरची लाकडं आपल्याच रानांत आहेत.

त्यातलं पहिलं नाव धामणीचं. गॅम्बल यांच्या भारतीय लाकडांवरच्या जुन्या ग्रंथात धामणीचे उपयोग दिले आहेत: खांद्यावरच्या कावडी, गाड्यांच्या दांड्या, वल्ही. लवचीकपणा आणि चिवटपणा एकत्र लागतो अशीच ही सगळी कामं आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याला कुऱ्हाडीसाठी धामण, धावडा, तिवस आणि देशावर बाभूळ ही निवड पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. ती लोकांनी तुटलेले दांडे पाहून केली आहे. आपण मात्र फर्निचरच्या दुकानात शिकलेली प्रतिष्ठा कुऱ्हाडीला लावतो.

जातीइतकीच, किंबहुना जास्तच महत्त्वाची आहे रेषा. दांडा डोळ्यासमोर धरून लांबीवर नजर फिरवा. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर धामणीचा दांडाही त्या तिरप्या रेषेवरच चिरफाळणार. वरच्या भागात गाठ दिसली तर दुकानदार काहीही म्हणो, दांडा परत ठेवा. लाकडी दांड्यांसाठी आयएस 620 हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. दुकानात त्याविषयी विचारायला लाजू नका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘ढिली झालेली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवा.’ सकाळी ती घट्ट वाटते, कारण लाकूड फुगतं. पण नेढ्याचं लोखंड फुगत नाही, त्यामुळे आतले तंतू चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असताना लाकडातला ओलावा 17-18 टक्क्यांवर स्थिरावतो आणि उन्हाळ्याकडे उतरतो, म्हणजे हा खेळ हवा आपणहून खेळतेच आहे. उपाय एकच: पाचर नव्यानं ठोका, नाहीतर दांडा बदला.

‘वादळात पडलेल्या फांदीचा दांडा फुकटात होतो.’ उपनगरांतल्या रस्त्यांवर पडतात ते बहुधा गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष, आणि दोघांचंही लाकूड या कामाचं नाही. राष्ट्रीय उद्यानातून काठीही उचलणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि शहरातलं झाड तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

‘हिकरीचं पांढरं लाकूड भक्कम, तांबूस कच्चं.’ अमेरिकी प्रयोगशाळेनं हे तपासलं आहे. वजन सारखं असेल तर ताकदही सारखीच.

‘दाट वलयांचं लाकूड नेहमी मजबूत.’ अ‍ॅश आणि हिकरीत उलट आहे. फार दाट वलयं म्हणजे हलकं, कमी चिवट लाकूड.

‘जाड दांडा तुटत नाही.’ जाड दांडा लवत कमी, म्हणून धक्का अंगावर जास्त घेतो, आणि हातातून सुटतानाही अडतो.

‘व्हार्निशनं ताकद येते.’ येत नाही, ते फक्त ओलावा अडवतं. जवसाचं उकळलेलं तेल पातळ हातानं चोळलं तरी पुरतं. खोबरेल मात्र वाळत नाही, चिकट राहतं.

‘बॅटची ग्रिप चढवली की दांडा सुरक्षित.’ ग्रिपखाली गेलेला तडा दिसत नाही, आणि न दिसणारा तडा सर्वांत धोक्याचा.

शेवटी हे लक्षात ठेवा: कुठल्याही लाकडाचा दांडा जन्मभर टिकत नाही. फेकीचा दांडा हा झिजण्यासाठीच असतो, म्हणून प्रत्येक खेळाआधी नेढ्याखाली अंगठा फिरवून केसाएवढा तडाही शोधा, पातं हलतंय का पाहा, आणि शंका आली तर त्या दिवशी ती कुऱ्हाड फेकू नका. दांडा सागाचा आहे की धामणीचा, याची चौकशी दुकानात करायची. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रत्येक फेकीआधी तपासायचं.