वहीचा अहवाल

एरवी या पानावर मी तुम्हांला हुमणी, तांबेरा, आल्याची कंदकूज असल्या गोष्टी सांगत असतो. आज विषय कवितेचा आहे. "सायेबांना आज काय झालं?" असे म्हणून पान उलटू नका. या विषयाकडे मी आपण होऊन वळलो नाही. एका शेतकऱ्याने मला खडसावले, म्हणून वळलो.

गेल्या वर्षी खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवर मातीचा नमुना कसा घ्यावा ते दाखवायला गेलो होतो. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरडायची, साऱ्या ठिकाणची माती एकत्र कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करीत अर्धा किलो उरली की पिशवीत भरायची. तुम्हांला हे पाठ आहे. काम आटोपल्यावर वस्तीवरच्या तात्यांनी चहा पाजला आणि कोनाड्यातून एक वही काढून माझ्या हाती दिली. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली, मधे कुठे खताचा हिशेब, कुठे उसनवारी, आणि बाकी सगळ्या कविता. "जरा बघा," एवढेच म्हणाले. मी वही घरी नेली, चार पाने चाळली, आणि पंधरा दिवसांनी परत करताना म्हणालो, "छान आहे, तात्या. लिहीत राहा."

तात्यांनी वही मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, मातीचा नमुना दिला की तुमी अहवाल देता. सामू किती, कर्ब किती, पालाश किती, समदं लिहून. आन् वहीचा नमुना दिला तर निस्तं छान?"

मला उत्तर सुचले नाही. तात्यांनी बरोबर ओळखले होते. मी वाचलेलेच नव्हते.

गाडीवरून परत येताना मनात आले, आपल्या सातारा-सांगलीकडे कवितेला उत्तर द्यायची रीत काही आजची नाही. माझी आई पहाटे जात्यावर बसे तेव्हा समोर चुलती असे. खुंट्यावर दोघींचे हात. आईने ओवी टाकली की चुलतीने ती उचलायची, तिला आपली ओवी जोडायची, कधी आईचे म्हणणे खोडून काढायचे. आईने माहेरचे कौतुक गायले की चुलती सासरच्या कष्टांची आठवण देई, आणि मग दोघी हसत. कागदावर काहीच नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या तोंडच्या अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. गिरणी आली, जाते अंगणात पालथे पडले, आणि समोर बसणारी दुसरी बाई गेली. माझ्या मते ओवी थांबायला पिठाच्या गिरणीइतकेच हेही कारण आहे.

पुरुषांकडे कलगी-तुरा होता. तुमच्या गावच्या यात्रेत कोणी म्हाताऱ्या माणसाने भेदिक ऐकले असेल, त्याला विचारा. कलगीवाला शक्तीला थोर मानणार, तुरेवाला शिवाला. डफ-तुणतुण्यावर एका फडाने कवनातून कोडे घालायचे आणि समोरच्याने त्याच चालीत जबाब द्यायचा. रात्र सरे, तरी सवाल सरत नसे. खटावातल्या पुसेसावळीचे शाहीर हैबती या परंपरेतले मोठे नाव. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षला १८६६ साली जन्मलेले पठ्ठे बापूराव तमाशातल्या सवाल-जबाबासाठी अजून आठवले जातात. यात एक बारीक गोष्ट आहे. समोरच्याला त्याच्याच चालीत उत्तर द्यायचे तर त्याचे कवन आधी शेवटपर्यंत कान देऊन ऐकावे लागते. तिथे "छान आहे" म्हटलेले चालत नाही. फड हरतो.

आता शिकल्या-सवरल्या कवींचे सांगतो. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघाले. त्यातली काही मंडळी आधीपासूनच रविवारी चहाला जमत. एकमेकांना नव्या कविता म्हणून दाखवायच्या, ऐकायच्या, त्यांवर बोलायचे, असा तो बेत. माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे, द. ल. गोखले, आणि नाट्यछटा लिहिणारे दिवाकर. इतक्या पुरुषांत बाई एकट्या मनोरमाबाई. त्याच वर्षी त्यांचे 'किरण' हे पुस्तक निघाले.

यांतले दोघे आपल्याकडचे. यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, हे पाटण तालुक्यातल्या चाफळचे. मांड नदीकाठी समर्थांनी राममंदिर बांधले तेच चाफळ. सांगलीत शिकत असताना त्यांना कवी साधुदास यांचा सहवास लाभला. पुढे ते बडोद्याचे राजकवी झाले आणि १९५० साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गिरीश, म्हणजे शंकर केशव कानेटकर, जन्माने साताऱ्याचे आणि सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात प्राध्यापक होते. नाटककार वसंत कानेटकर हे त्यांचे चिरंजीव, त्यांचा जन्म रहिमतपूरचा. यशवंत आणि गिरीश गावोगावच्या सभांतून आपल्या कविता गाऊन दाखवीत आणि लोक त्यासाठी गर्दी करीत. ज्यांनी कधी पुस्तक विकत घेतले नसते त्यांच्या कानांवर कविता गेली ती या दोघांमुळे. मात्र गळा गोड असला की ओळीतला दोष झाकून जातो, असेही मला वाटते. ऐकणाऱ्याने चाल बाजूला ठेवून एकदा ओळी साध्या म्हणून पाहाव्यात.

एकमेकांचे सतत ऐकण्याचा परिणाम कसा होतो पाहा. गिरीशांचे 'अभागी कमल' १९२३ चे. मग माधव ज्यूलियनांचे 'विरहतरंग' आणि गिरीशांचे 'कला', दोन्ही १९२६ ची. १९२८ मध्ये एकाचे 'सुधारक' आणि दुसऱ्याचे खेड्यातल्या जीवनावरचे 'आंबराई'. १९३२ साली यशवंतांची 'बंदीशाळा'. सगळी लांबलचक खंडकाव्ये! शेजाऱ्याचा ऊस जोमात पाहिला की आपणही ऊसच लावावा, तसे मला हे दिसते. त्यात हुरूप आहे आणि धोकाही आहे. एकाच वाणाचा शिवार झाला की रोगही सगळ्यांना एकच येतो.

आणि रोग दाखवणारा भेटलाच. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढले आणि विडंबनातून त्या काळच्या कवींची, विशेषतः रविकिरण मंडळाची, चांगलीच हजेरी घेतली. महाराष्ट्र पोट धरून हसला. आता झेंडूच म्हणाल, तर टोमॅटोत मधूनमधून झेंडूची ओळ लावा असे मी तुम्हांला दरवर्षी सांगतो. फळ पोखरणारी अळी झेंडूकडे ओढली जाते आणि मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात. अत्र्यांनी नाव ठेवताना हे मनात धरले नसणार, पण कवितेच्या वाफ्यात त्यांच्या झेंडूने तेच काम केले. विडंबन करायलाही समोरच्याची कविता तोंडपाठ लागते, हे ध्यानात घ्या. माधव ज्यूलियन १९३९ साली गेले. पुढे त्यांचे चरित्र, 'स्वप्नभूमी', लिहिले ते गिरीशांनीच. १९६५ साली ते निघाले. मित्राच्या कवितेला इतक्या वर्षांनी दिलेले इतके मोठे उत्तर मला दुसरे आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, ही पुण्याची, प्राध्यापकांची गोष्ट, आमच्या बांधावर काय? तर मग संक्रांतीला औदुंबरला जा. पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठी दत्ताचे ठिकाण, पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरी. कवी सुधांशू, म्हणजे हणमंत नरहर जोशी, या गावचे. त्यांची दत्तगीते आर. एन. पराडकरांच्या आवाजात घरोघर पोचली. सुधांशू आणि म. भा. भोसले यांनी अकाली गेलेल्या सदानंद सामंत या मित्राच्या नावाने सदानंद साहित्य मंडळ काढले, आणि १९३९ पासून तिथे मकर संक्रांतीला साहित्य संमेलन भरू लागले. खेड्यात, नदीकाठी आणि सणाच्या दिवशी. सुधांशू २००६ साली गेले, संमेलन राहिले.

मी त्या भागात नोकरीला असताना दोनतीनदा गेलो आहे. उसाच्या गाड्यांतून वाट काढीत पोचायचे. दर्शनाला आलेली माणसे तिळगूळ वाटून होताच कवितेला येऊन बसतात. धोतर-टोपीवाले पुढे, कडेवर पोर घेतलेल्या बाया कडेला. कोणाची कविता पडली तर ती लगेच कळते, कारण लोक सरळ उठून पाणी प्यायला जातात. कवीला याहून स्पष्ट अहवाल कोण देणार?

त्याच तालुक्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही नुकसानीचे पंचनामे करीत हिंडत होतो. एका घराच्या पत्र्यावर वहीची सुटी पाने वाळत घातली होती, खड्याखड्यांनी दाबून. शाई सगळी पुसलेली. घरातल्या आजींच्या ओव्या होत्या त्या, नातीने लिहून घेतलेल्या. आजी म्हणाल्या, "बाबा, हे बी लिवा की तुमच्या कागदात." पंचनाम्यात ऊस होता, सोयाबीन होते, गोठा होता. वहीचा रकाना नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा नात नवी वही घेऊन शेजारच्या ओसरीवर बसलेली. आजींना ज्या ओव्या आठवेनात त्या शेजारणी सांगत होत्या. वर्षानुवर्षे पहाटे समोर बसून त्यांनी त्या ऐकल्या होत्या. एक म्हणे, "ही माझी हाय," दुसरी म्हणे, "न्हाई, आजीचीच." भांडण चालू आणि वही भरत होती.

माझीही एक वही आहे. तीस वर्षांपूर्वी नोकरीत नवा होतो, वाळवा तालुक्यातल्या एका गावी गणपतीच्या कार्यक्रमात मी पावसावरची कविता वाचली. मोर, मेघ, मृद्गंध, सगळे होते. खाली उतरल्यावर एक वयस्क बागायतदार जवळ आले आणि म्हणाले, "रावसाहेब, तुमच्या पावसात वाफसा कवा येतो?" लोक हसले. मला तो अपमान वाटला. वही जी ट्रंकेत टाकली ती टाकलीच. त्या गृहस्थांनी माझी कविता शेवटपर्यंत ऐकली होती आणि तिच्यात शेतकऱ्याचा पाऊस नाही हे नेमके पकडले होते, एवढे कळायला मला तात्यांचे बोलणे ऐकावे लागले.

दिवाळीनंतर मी तात्यांच्या वस्तीवर पुन्हा गेलो. वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचू लागलो. एक कविता आटलेल्या विहिरीची होती. पाणी खोल गेले तशी दोराला दरसाल एकेक तुकडा जोडत गेले, आणि दोराच्या गाठी मोजल्या की दुष्काळाची वर्षे कळतात, असे त्यात होते. मी वाचता वाचता थांबलो. म्हणालो, "तात्या, गाठींपर्यंत मला काही बोलायला जागाच नाही. पण शेवटच्या कडव्यात तुम्ही पाणी अडवा म्हणून उपदेश केलाय तो आमच्या खात्याच्या पोस्टरासारखा वाटतो."

तात्या हसत सुटले. "तुमच्याच पोस्टरावरनं घेतलंय त्ये!"

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "आन् सात गाठी न्हवत्या. नऊ व्हत्या. पानी मी वढत हुते."

तात्या गप्प झाले. मग खिशातले पेन काढून 'सात' खोडून त्यांनी 'नऊ' केले. मात्रा तेवढ्याच भरतात, मी बोटांवर मोजून पाहिले. शेवटचे कडवे मात्र काढायला ते तयार नाहीत. त्यावर आमचा तासभर वाद झाला आणि वहिनींनी दुसऱ्यांदा चहा केला. निघताना तात्या म्हणाले, "आता तुमचा नमुना कवा?"

जानेवारीत त्यांच्या हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला जायचेच आहे. ट्रंकेतली वही पिशवीत टाकून ठेवली आहे. पावसाची कविता दोनदा वाचली. वाफसा अजून आलेला नाही.