चिमूटभर खमीर

रात्री निजण्यापूर्वी गृहिणी कोमट दुधाला चमचाभर विरजण लावते आणि पातेले झाकून ठेवते. सकाळी पाहावे तो सारे दूध पालटलेले असते. त्यातले विरजण कोणते आणि दूध कोणते, हे मग कोणालाही वेगळे काढून दाखविता येत नाही. आजच्या ईस्टरच्या निमित्ताने जो विचार आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो, त्याचे मर्म या नित्याच्या अनुभवातच आहे.

येशू ख्रिस्ताचे अखेरचे दिवस ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाच्या काळातले. मिसर देशाच्या दास्यातून निघताना कणीक आंबण्याइतकाही अवकाश पूर्वजांना मिळाला नाही, म्हणून या सणात बेखमीर भाकर खातात आणि घराचा कोनाकोपरा झाडून खमिराचा अंशही बाहेर काढतात. वसईच्या कॅथलिक देवळांत मिस्सेच्या वेळी दिली जाणारी पातळ भाकरही बेखमीरच असते.

ही घरगुती रीत संत पौलाने एका मंडळीला आरसा म्हणून दाखविली. ती मंडळी ग्रीस देशातील करिंथ नगराची. इ. स. पूर्व 146 मध्ये रोमनांनी हे नगर उद्ध्वस्त केले व इ. स. पूर्व 44 मध्ये जूलियस सीझरने ते पुन्हा वसविले. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूमीवरील या नगराला दोन्ही बाजूंस बंदरे होती आणि व्यापाराने तेथे संपत्ती लोटत होती. इ. स. 50 च्या सुमारास पौल तेथे आला. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर राहुट्या करण्याचा धंदा करीत त्याने दीड वर्ष उपदेश केला आणि मंडळी उभी राहिली.

पुढे तो इफिस येथे असताना करिंथची वार्ता त्याच्या कानी आली. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोचा, तर कोणी केफाचा. बंधू बंधूला व्यवहाराच्या तंट्यावरून परक्या न्यायासनापुढे खेचू लागला होता. प्रभुभोजन म्हणजे सर्वांनी एकत्र बसून घ्यावयाचा प्रसाद. पण तेथेही पंक्तिप्रपंच शिरला होता. संपन्न मंडळी आपले जेवण आधीच उरकीत. कोणी उपाशी राही, तर कोणी पिऊन धुंद होई. यावर कडी म्हणजे एक मनुष्य आपल्या बापाच्या बायकोशी संबंध ठेवून राहत होता आणि मंडळी ते खपवून घेत होती.

पौलाने आपल्या पत्रात त्या एका मनुष्याला दोष दिलाच. पण त्याचा खरा रोख मंडळीवर आहे. जेथे शोक करावयाचा तेथे तुम्ही फुगून बसलात, हे त्याचे दुःख आहे. चिमूटभर खमिराने सारा गोळा फुगतो, याची आठवण तो त्यांना देतो. बाहेरच्या जगाचा न्याय करणे आपले काम नव्हे, आपल्या घरातले आधी पाहावे, असेही तो बजावतो. त्या मनुष्याला मंडळीतून दूर करावे, असा त्याचा निर्णय झाला.

परंतु कथा येथे संपत नाही. दुसऱ्या पत्रात पौल एका शासन झालेल्या मनुष्याविषयी लिहितो की, झाली तेवढी शिक्षा पुरे. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. तो हाच मनुष्य, असे परंपरा मानते. अलीकडील अनेक अभ्यासकांना ते पटत नाही. तो कोणीही असो, शासनाचा हेतू मनुष्य गमावणे हा नसून त्याला परत मिळविणे हा होता, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आम्हांस वाटते, करिंथची ही गोष्ट केवळ ख्रिस्ती बांधवांची नाही. उत्सवाच्या वर्गणीतला एक न लिहिलेला खर्च, महाप्रसादाच्या पंगतीत ओळखीच्या माणसाला आधी वाढलेले पान, कर्त्या पुरुषाची चूक म्हणून गिळलेला शब्द, यांतली एकही गोष्ट मोठी नसते. ‘एवढ्याने काय होते?’ असे म्हणून आपण पातेले झाकतो. झाकल्या पातेल्यातच विरजण आपले काम करते. ज्या दिवशी ते आपल्या ध्यानी येते, त्या दिवशी दूध उरलेले नसते. म्हणून चूक चमचाभर असतानाच ती प्रेमाने, पण स्पष्टपणे बोलून दाखवावी. आणि चुकणारा परतला, तर त्याचे पान पंगतीत पुन्हा मांडावे.