लिनक्स टॅब्लेट : एवढी किंमत मोजावी का?

मुलीला प्रोग्रामिंग शिकायचे आहे. ईदीचे आणि घरखर्चातून वाचवलेले पैसे हाताशी आहेत. मग लिनक्स टॅब्लेट घ्यावा का?

लिनक्स फुकट मिळते, तरी त्यावरचे टॅब्लेट महाग असतात; कारण ते थोडेच बनतात आणि सारा खर्च मोजक्या ग्राहकांवर पडतो. बंगळुरूत खेड्यांतील लोकांसाठी घडवलेला, हातात मावणारा लिनक्सचा ‘सिम्प्युटर’ २००४ मध्ये बाजारात आला, तेव्हा साधे मॉडेलही सुमारे दहा हजारांचे होते. अपेक्षेइतकी मागणी आलीच नाही. अमेरिकेतील ‘प्युरिझम’ कंपनीचा ‘लिब्रेम ११’ तर ९९९ डॉलरला निघाला. वर वाहतूक आणि कर. शिवाय तो बिघडला तर अहिल्यानगरात दुरुस्त कोण करणार?

त्यापेक्षा घरातला जुना लॅपटॉप काढा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. जमले तर आधी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवा आणि मगच ते कायमचे बसवा. पायथन शिकायला, मराठी-उर्दू टाइप करायला तेवढे पुरते. मात्र क्लासचे ॲप फक्त अँड्रॉइडचे असेल, तर साधा अँड्रॉइड टॅब्लेटच बरा.

उरलेले पैसे मुलीच्या फीसाठी ठेवा.