सोनारचं चित्र बिघडवतं कोण?

लहान होडीवर साइड स्कॅन सोनार बसवला आणि पडद्यावर नुसते राखाडी फराटे उमटले, की पहिला संशय पाण्यावर जातो. खाडीचं पाणी गढूळ, चित्र स्वच्छ कसं येणार? पण गढूळपणा अडवतो तो प्रकाशाला. आवाज त्यातून बऱ्यापैकी पार होतो. आवाजाचा खरा वैरी हवेचा बुडबुडा. ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसात आला तर चित्र गेलंच, आणि आउटबोर्डच्या पायाआड आला तर एक बाजू आंधळी.

पडद्याच्या मधोमध दिसणारा काळा पट्टा म्हणजे तळावरचा खोल चर, असंही बरेच जण समजतात. तो होडीखालचा पाण्याचा थर असतो. पाणी खोल होत गेलं की पट्टा रुंदावतो, एवढंच.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज रेंजचा. १०० मीटर दिसत असताना ३० वर का थांबायचं? समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. १०० मीटरवर जाऊन परत यायला त्याला ०.१३ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदात जेमतेम सात हाका. चार नॉटच्या वेगाने होडी तेवढ्यात दोन मीटर पुढे सरकते, म्हणजे दोन हाकांत फूटभर अंतर पडतं. रेंज ३० मीटर ठेवली तर सेकंदाला २५ हाका आणि अंतर आठ सेंटिमीटर. शिवाय झोत दूर जाताना पसरतो. तो एक अंशाचा धरला तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटर रुंद होतो. तिथे मीटरभर अंतरावरचे दोन दगड एकच दिसणार. वारंवारता वाढवून हे सुटत नाही: १.२ मेगाहर्ट्झला बारकावे भरपूर, पण आवाज लवकर विरतो. लांबचं हवं तर ४५५ किलोहर्ट्झच बरं.

होडी जितकी हळू तितकं चित्र चांगलं, हेही अर्धंच खरं. संशोधन जहाजं सोनार केबलने मागे ओढतात. मोटारबोटींना ही सोय २००५च्या सुमारास मिळाली, ती थेट होडीलाच जोडून. त्यामुळे होडीचं प्रत्येक डोलणं चित्रात उतरतं. वेग फार कमी केला की वारा नि ओढ नाळ फिरवतात, आणि नाळ पाच अंश फिरली तर ५० मीटरवर झोत चार मीटरहून जास्त सरकतो. तीन ते पाच नॉट, सरळ रेषेत, हेच उत्तम. खडप दिसलं म्हणून तिथल्या तिथे वळू नये. वळणात आतल्या बाजूचा तळ पुन्हा पुन्हा उमटतो, बाहेरचा सुटतो. खूण करून पुढे जावं, लांबून वळावं आणि खडप एका कुशीला ठेवून परतावं. त्याच्या डोक्यावरून गेलात तर ते नेमकं त्या मधल्या पट्ट्यापाशी चेपून जातं.

आता काळ्या डागांकडे. ‘काळं म्हणजे काही नाही’ म्हणणारा निम्मं चित्र वाया घालवतो. वस्तूमागची सावली तिची उंची सांगते. ट्रान्सड्यूसर तळापासून नऊ मीटर वर, सावलीचं टोक ३० मीटरवर आणि सावली पाच मीटर लांब असेल, तर पाच गुणिले नऊ भागिले तीस: वस्तू दीड मीटर उंच. जाळं अडकेल की नाही ते यावरून कळतं. मासा पोहत असेल तर सावली त्याच्यापासून सुटी पडते. तो जितका वर, तितकी ती लांब.

मात्र मऊ चिखलही काळाच दिसतो. शंका आली तर पलीकडच्या बाजूने दुसरी फेरी मारावी: सावली होडीच्या उलट दिशेला उलटते, चिखलाचा डाग जागचा हलत नाही.