पात्याची पारख

‘सुरा’ हा शब्द कानी पडला की बहुतेकांना वर्तमानपत्रातील एखादी रक्तरंजित बातमी आठवते. ‘खाटीक’ हा शब्द तर आपल्या भाषेत निर्दय माणसासाठी सर्रास वापरला जातो. मी खाटकाच्या घरातला मुलगा आहे. कल्याणला आमचे मटणाचे लहानसे दुकान आहे आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे या दोन्ही शब्दांची दुसरी बाजू मांडण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे वाटते. जनावर सोलण्यासाठी आणि साफ करण्यासाठी पाते कसे निवडावे, मग ते जनावर शिकारीतले असो वा दुकानातले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात शिकार हा आज गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली. तरी काही प्राण्यांसाठी परवाना मिळण्याची सोय त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. एके काळी शहापूर-मुरबाडच्या रानात डुक्कर मारले की गावात वाटे पडत. आजोबांच्या तोंडून त्या हकिकती मी ऐकल्या आहेत. पण आज तसे कोणी केले तर त्याची जागा तुरुंगात. हे योग्यच झाले, कारण रान उरले तरच पुढच्या पिढ्यांना जनावरे दिसतील. मात्र शिकार थांबली म्हणून शिकाऱ्याच्या सुरीमागची विद्या संपली नाही. ती खाटकाच्या दुकानात आणि कोळणीच्या पाटीशेजारी जिवंत आहे. हरीण काय किंवा बोकड काय, कातडे, आतडी, सांधे आणि हाडे यांची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच. (एक फरक मात्र मजेचा आहे. चितळ-सांबराच्या कुळात पित्ताची पिशवीच नसते. बोकडाला ती असते आणि ती फुटली की कलेजी कडू होते.)

ही विद्या किती जुनी असावी? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान लहान पाती वापरीत. त्यांच्या घरांच्या अवशेषांत पाळीव जनावरांबरोबर हरणांचीही हाडे सापडली. युरोपात आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे प्रेत मिळाले. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती आणि गारगोटीची एक सुरीही होती. तिची लांबी मुठीसकट सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. रानावनात हिंडणाऱ्या त्या माणसाला तेवढी पुरली! बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात शिकारीचे प्रकार आहेत, आणि डुकराचे केस उकळते पाणी ओतून कसे काढावेत हेही सांगितले आहे. (हा राजा कल्याणीचा, पण ते कल्याणी म्हणजे आपले कल्याण नव्हे, ते कर्नाटकातील आजचे बसवकल्याण.) तेव्हा ज्या कामाकडे आपण नाक मुरडून पाहतो, ते एका राजाला लिहून ठेवण्याजोगे वाटले होते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दुकानात सुरी घ्यायला गेलेला नवखा माणूस हटकून सर्वांत लांब आणि सर्वांत चकचकीत पाते उचलतो. आमचे वडील आधी एकच प्रश्न विचारतात, “हिच्याकडनं काम कोणतं करून घ्यायचंय?” जनावर साफ करणे हे एक काम नसून चार कामे आहेत, आणि प्रत्येकाची मागणी वेगळी आहे.

पहिले काम कातडे सोलण्याचे. येथे पाते आखूड हवे आणि त्याची धार टोकाकडे बाहेरच्या बाजूस गोलाईने वर वळलेली हवी. अशी गोलाई कातड्याखालून सरकत जाते. अणकुचीदार टोक मात्र कातड्यात भोक पाडते, आणि भोक पडलेल्या कातड्याचा भाव उतरतो. चीर देताना धार वरच्या बाजूस ठेवून आतून बाहेर कापावे, म्हणजे केस तुटत नाहीत व मांसाला चिकटत नाहीत. एकदा चीर पडली की निम्मे काम सुरीचे नसतेच. मूठ आवळून कातडे आणि मांस यांच्यामध्ये दाबत नेले की बोकडाचे कातडे मोज्यासारखे निघते.

दुसरे काम पोट उघडण्याचे. हे सर्वांत नाजूक. डाव्या हाताची दोन बोटे पोटाच्या पडद्याखाली घालायची आणि त्यांच्यामधून सुरीचे टोक, धार वर ठेवून, पुढे न्यायचे. बोटे आतड्यांना खाली दाबून धरतात. आतडे फुटले तर आतील घाण मांसावर पसरते आणि मांस नासते. आपल्यासारख्या उष्ण हवेत तर हे काम झटपट व्हावे लागते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत जंतू भराभर वाढतात, आणि पोट बंद असलेले जनावर लवकर निवत नाही. म्हणून मुठीत नीट बसणारे, चार इंचांच्या आसपासचे पाते या कामी उत्तम. लांब पात्याचे टोक आत कोठे आहे हे हाताला कळत नाही.

तिसरे काम सांधे सोडवण्याचे. येथे अरुंद, न वाकणारे पाते लागते. जाणकार माणूस हाड तोडत नाही. तो दोन हाडांमधली फट बोटाने चाचपून शोधतो आणि तेथे सुरी घालतो.

चौथे काम हाड तोडण्याचे, आणि ते सुरीचे नाहीच, सत्तूरचे आहे. सत्तूर जड, रुंद आणि जाड धारेचा. सुरीची धार दर बाजूस १५ ते २० अंशांच्या कोनात लावली तर ती मऊ मांसात लोण्यासारखी जाते. पण तीच हाडावर मारली की तिचे दाते पडतात. सत्तूरचा कोन मोठा असतो म्हणून तो आघात सोसतो. खाली ओंडका चिंचेचा हवा, कारण ते लाकूड कठीण व चिवट असते आणि त्याच्या चिपा मांसात येत नाहीत.

यानंतर पोलादाचा विचार. नुसत्या मऊ लोखंडाला धार टिकत नाही. त्यात कार्बनचे प्रमाण पुरेसे हवे. रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून सुऱ्या व कोयते घडवतात. त्या पाट्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के असतो, म्हणजे सुरीला साजेसा. घिसाडी भात्यासमोर बसतो, त्याची बायको घण मारते, आणि पाते लालभडक झाले की तो त्याला ‘पाणी देतो’. त्याच्याजवळ उष्णतामापक नसतो. तो रंग पाहतो. शास्त्र शाखेच्या एका मित्राने मला सांगितले, की सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते आणि पाणी देण्याची वेळ त्याच्या थोडी पुढे येते. पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा हलके तापवावे लागते. गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की धार कडक राहते, निळा आला की पाते अधिक चिवट होते. हेच शास्त्र घिसाडी शाळेत न जाता जाणतो.

स्टेनलेस स्टीलचे काय? इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली याने असे पोलाद तयार केले. त्यात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असल्यामुळे गंज सहसा धरत नाही. ठाण्या-कल्याणच्या पावसाळ्यात हा गुण लहान नव्हे. परंतु स्वस्त स्टेनलेस सुरी लवकर बोथट होते. साधे पोलाद काळे पडते, पण दगडावर चार हात मारले की पुन्हा धार येते; मात्र काम झाल्यावर ते धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावे लागते.

मुठीकडे लोक फारसे पाहत नाहीत, आणि अपघात तेथेच होतात. हात रक्ताने व चरबीने निसरडा झालेला असतो. मूठ गुळगुळीत असली की बोटे पुढे सरकून धारेवर जातात. म्हणून मुठीच्या पुढे बोट अडेल असा उंचवटा हवा. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले व रिव्हेटने जखडलेले हवे. लाकडी मूठ हाताला बरी वाटते, पण तिला भेग पडली की त्यात घाण साचते. घडीचा चाकू या कामाला मुळीच घेऊ नये. त्याच्या खिट्टीत रक्त व केस अडकतात, आणि जोर लागताच तो मिटण्याचा धोका असतो. आणखी एक नियम: बोथट सुरीच हात कापते. तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी कोठे निसटेल याचा नेम नाही.

आपल्या जिल्ह्यात पात्याचे आणखी दोन नमुने आहेत, आणि त्यांवरून हाच नियम सिद्ध होतो. शहापूर-मुरबाडकडचे ठाकूर व कातकरी बांधव कमरेच्या आकडीत कोयता अडकवतात. त्याची धार आतल्या बाजूस वळलेली आणि वजन पुढे असते, म्हणून तो फांदी ओढून तोडतो. पण सोलायला तो उपयोगी नाही, कारण बाक नेमका उलटा आहे. दुसरा नमुना विळीचा. डोंबिवलीच्या मासळी बाजारात विळीवर बसलेली बाई पाहा. येथे पाते जागेवर राहते आणि मासा फिरतो, म्हणून तिचे दोन्ही हात माशाला मोकळे. निसरड्या माशासाठी याहून चांगली युक्ती नाही. उत्तर ध्रुवाकडील एस्किमो स्त्रियांची सील सोलण्याची सुरी अर्धचंद्राकृती असते, तीही कामाच्या मागणीतूनच आलेली.

कायद्यालाही हा विचार मान्य आहे, हे वाचून मला नवल वाटले. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांच्या परिशिष्टात ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत केली आहे. परंतु घरकाम, शेती वा उद्योगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे सत्तूर रुंदीने शस्त्रात बसला असता, पण काम पाहून कायद्याने त्याला अवजार ठरवले.

आमच्या वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. वर लिहिलेले बहुतेक सारे त्यांना हाताने ठाऊक आहे. मी फक्त त्याला आकडे आणि सनावळी जोडली. मी पदवीधर झाल्यावर दुकानात बसावे अशी त्यांची इच्छा नाही, आणि खरे सांगायचे तर माझीही नाही. पण मग ही पारख कोणाकडे जाणार? घिसाड्याचा मुलगा भाता सोडतो आहे, खाटकाचा मुलगा सत्तूर. तसे करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. परंतु शिकलेल्या मुलांनी आपल्या घरातली विद्या निदान कागदावर उतरवून ठेवावी, असे मला मनापासून वाटते. आपल्या कॉलेजात सुतार, कोळी, कुंभार, शेतकरी अशा कितीतरी घरांतील मुलेमुली आहेत. प्रत्येकाने आपल्या घरच्या एकेका अवजारावर जरी लिहिले, तरी पुढील अंकांना विषय कमी पडणार नाहीत.