सहाचा नमुना, दोनचा नमुना

पहाटे पाच

नदीच्या नमुन्याचा दिवस बर्फापासून सुरू होतो. बर्फाची पेटी भरली की मग बाटल्या. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी, म्हणजे आमच्या बोलीत डीओसाठी, ३०० मिलीच्या घट्ट काचेच्या बुचाच्या बाटल्या. बीओडीसाठी, म्हणजे जिवाणू पाण्यातली घाण कुजवताना किती ऑक्सिजन खातात ते मोजायला, कॅन. जंतू तपासायच्या बाटल्या आदल्या रात्रीच ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या, तोंडाला ब्राउन पेपर आणि दोरा. नळाच्या पाण्यासाठीच्या बाटल्यांत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं. ते नसलं तर पाण्यातलं क्लोरीन लॅबपर्यंतच्या वाटेतही जंतू मारत राहतं आणि अहवाल आहे त्यापेक्षा चांगला येतो.

गाडीत आम्ही चौघं: कॉलेजच्या लॅबमधून मी, महापालिकेचे एक कर्मचारी आणि नदीकाठावर काम करणारे दोन कार्यकर्ते. पूर्वी या तिन्ही बाजू तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या जागी पाणी भरायच्या. मे महिना आहे, धरणातून नदीत पाणी नाही. सध्या पात्रात जे वाहतंय ते बहुतेक शहराचंच आहे.

सहा, औंधचा पूल

मुळा नदीच्या एका काठाला औंध, समोर सांगवी. औंध पुणे महापालिकेत, सांगवी पिंपरी-चिंचवडमध्ये. थोडं खाली गेलं की खडकी कॅन्टोन्मेंट. पुढे दापोडीला हॅरिस पुलापाशी पवना येऊन मिळते, तीही पिंपरी-चिंचवड ओलांडून आलेली. घाण कोणाची, हा वाद इथे वर्षानुवर्षं चालतो, कारण नाले दोन्ही काठांनी उतरतात. म्हणून बादली पुलाच्या मधोमध सोडायची. काठाजवळ सोडली तर आपण नदी नव्हे, एक नाला मोजून घरी जातो.

औंध, हॅरिस पूल, संगम पूल, मुंढवा, थेऊर या जागा आम्ही शोधलेल्या नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ याच ठिकाणी नमुने घेतं. आपल्याला सोयीचा घाट निवडण्यापेक्षा त्यांच्या जागांवर जावं, असं आम्ही ठरवलं, म्हणजे आमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. कार्यकर्त्यांना हे पटवायला वेळ लागला. त्यांचा जीव जिथे कचरा दिसतो तिथे अडकलेला असतो आणि ते साहजिकच आहे. जीवितनदीसारख्या संस्थांनी विठ्ठलवाडीला, औंधला नदीचे तुकडे दत्तक घेऊन माणसांना पुन्हा काठावर आणलं, हे या शहरावरचं मोठं ऋण आहे. पण तुलना करायची असेल तर जागा एकच हवी.

पावणेआठ, संगम पूल

इथे मुळा आणि मुठा भेटतात. बादली वर आली की पहिलं काम डीओचं. पाणी नळीनं बाटलीच्या तळाशी सोडायचं, खळखळ होऊ द्यायची नाही, बाटली तोंडावरून वाहू द्यायची आणि बूच असं बसवायचं की आत एकही बुडबुडा राहणार नाही. मग मँगेनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड, दोन्ही पिपेट पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. खडकवासला धरणाच्या पाण्यात लगेच तपकिरी ढग उठतात, गढूळ चहासारखे, आणि तळाशी बसतात. जितका ऑक्सिजन जास्त, तितका तो रंग गडद. संगमावर आज बाटलीत पांढरट साका बसला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

हे बघायला लॅब लागत नाही. पुलावरून जाणारे एक आजोबा थांबले, त्यांना दोन्ही पाण्यांच्या बाटल्या शेजारी धरून दाखवल्या. त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे यात मासा जगणारच नाही?’’ महापालिकेचे कर्मचारी म्हणाले, ‘‘नाही जगणार, काका.’’ त्यांनी ते टाळलं नाही याचं मला बरं वाटलं. आपलं खातं तिथे उभं असताना असं उत्तर देणं सोपं नसतं.

वहीत वेळ लिहिली: सात अठ्ठेचाळीस. वेळेचा हा रकाना आजच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे.

दहा, लॅब

मुंढव्याचा नमुना घेऊन परत. तिथल्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात जातं आणि ते शेतीला वापरलं जातं. म्हणजे शहर नदीत काय सोडतं, हा दौंडकडच्या पिकाचाही प्रश्न आहे.

जिवाणूंच्या नळ्या आधी लावल्या. बीओडीच्या बाटल्या २७ अंशांवर तीन दिवस राहतील. डीओचं टायट्रेशन: ॲसिड, मग थायोसल्फेट, पिवळट झालं की स्टार्च, निळा रंग, आणि तो उडाला की वाचन. संगमाच्या बाटलीत निळा रंग आला न आला तोच गेला. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाचे निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम डीओ आणि कमाल ३ मिलिग्रॅम बीओडी असे आहेत. त्यांच्या जवळपास जायला या पाण्याला अजून बरंच काही लागेल.

बारा, बैठक

टेबलावर दोन कागद. दोन्ही संगम पुलाचे, दोन्ही एकाच आठवड्यातले. एकात ऑक्सिजन नाहीसा, दुसऱ्यात बऱ्यापैकी. मागच्या खेपेला यावरून आवाज चढले होते. एका बाजूनं ‘आकडे रंगवले’ म्हटलं, दुसरीनं ‘हौशी लोकांना काय कळतं’ म्हटलं.

दोन्ही खरे होते. एक नमुना पहाटेचा, दुसरा दुपारचा. साचलेल्या, हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ, जिवाणूंच्या बरोबरीनं, तो खाऊन टाकतं. सूर्योदयाच्या सुमारास पातळी सगळ्यात खाली असते, दुपारी वर चढते. कार्यालय दहाला उघडतं, गाडी अकराला मिळते, म्हणून सरकारी नमुना बहुधा उन्हातला. कार्यकर्ते नोकरीवर जायच्या आधी येतात, म्हणून त्यांचा पहाटेचा. बेइमानी कुणाचीच नव्हती. पण वेळ लिहिलेली नव्हती आणि तेवढ्यावरून दोघांनी एकमेकांवरचा विश्वास घालवला होता.

सरकार आणि संस्था यांच्या सहकार्यावर बैठकीत पुष्कळ बोललं जातं, करारावर सह्याही होतात. माझ्या मते सहकार्य वहीच्या रकान्यात सुरू होतं: जागा, वेळ, खोली, बाटली, पद्धत. एवढं एक झालं की माणसं भांडायची ती नदीबद्दल भांडतात, एकमेकांबद्दल नाही. युरोपात ऱ्हाइन नदीवर हे घडलं. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेलं पाणी विषासकट नदीत उतरलं आणि मासे मेले. पुढे १९९३ मध्ये जर्मनीतल्या व्हाइल गावी स्वित्झर्लंड आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांनी मिळून एक तपासणी केंद्र सुरू केलं. नदी दोघांची, यंत्रही दोघांचं.

आज ठरलं: दर खेपेला दोन नमुने, सहाच्या सुमाराचा आणि दोनचा, आणि दोन्ही सगळ्यांना कळवायचे.

दोन

पुन्हा संगम पूल. ऊन रणरणतं, जलपर्णीचा वास. साका या वेळी फिकट तपकिरी.

साडेचार, सिंहगड रस्ता

इथे नदी नाही, विहीर. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात, गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. पुणे परिसरात संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. पायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो, काही माणसं गेली. राष्ट्रीय विषाणू संस्थेनं रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस शोधला. दिल्लीची रोग नियंत्रण संस्था आणि बेंगळुरूची निम्हान्स यांचे तज्ज्ञ केंद्राच्या पथकातून आले. महापालिका घरोघरी फिरली, आरओचं पाणी विकणाऱ्या खासगी केंद्रांना टाळी लागली, कोंबड्यांच्या शेडमधूनही नमुने घेतले गेले.

धायरी सोडून ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्द एका आदेशानं बदलते, जलवाहिनी तशी बदलत नाही. शहराला पर्वतीसारख्या शुद्धीकरण केंद्रांतून पाणी मिळायचं आणि धरणाच्या अगदी उशाशी असलेल्या गावात विहिरीतून, फक्त क्लोरीन घालून. त्या दिवसांत आरोग्याचे आकडे आणि पाण्याचे आकडे एका नकाशावर आले. रुग्णाचा पत्ता आणि नळाचा नमुना शेजारी ठेवला की प्रश्न बदलतो: हे पाणी कुठून येतं? अशी जुळणी साथ यायच्या आधी रोजची असायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं. करोनाच्या काळात या शहरानं ते करून दाखवलं आहे. एनसीएल, पुणे नॉलेज क्लस्टर आणि महापालिका यांनी मैलापाण्यातल्या विषाणूचा माग काढला. माणसं तीच आहेत, प्रयोगशाळा त्याच आहेत.

आज नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकले, पिवळा रंग आला. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, इथे आहे. जंतूंचं उत्तर उद्या.

सात

आकडे सामायिक तक्त्यात भरले, दोन्ही वेळा लिहून. मग फोन: थेऊरच्याही खाली, नदीकाठच्या एका गावाचे जलसुरक्षक. त्यांच्या ग्रामपंचायतीला पिण्याच्या पाण्याच्या ऑक्टोबरच्या सर्वेक्षणात पिवळं, म्हणजे मध्यम जोखमीचं, कार्ड मिळालंय, ते हिरवं करायचंय. त्यांची विहीर नदीपासून हाकेच्या अंतरावर. ‘‘मॅडम, तुम्ही मुंढव्याला आज काय मोजलं ते आम्हाला कोण सांगणार? आमच्याकडे ते पाणी पुढं येतंच की.’’

तक्त्यात त्यांचा नंबर नव्हता. त्यांना जोडून घेतलं. जिल्हा परिषदेच्या तालुक्यातल्या माणसालाही. विहिरीचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅबमध्ये कसा पाठवायचा ते सांगितलं, आणि अहवाल येईपर्यंत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मोजून टाका, ओटी रोज घ्या, पिण्याचं पाणी उकळा. हेच पाणी पुढे भीमेत आणि उजनीत जाणार आहे, उजनीवर सोलापूर पाणी पितं. सोलापूरचा रकाना अजून रिकामा आहे. तिथल्या लॅबचा नंबर उद्या मिळवायचा. बीओडीची वाचनं तीन दिवसांनी, शुक्रवारी.