तमिळ कवितेला छंदातून मोकळं करणारे न. पिच्चमूर्ती कोण होते?

'ओळी तोडून एकाखाली एक लिहिल्या की झाली कविता!' मुक्तछंदातली कविता सोशल मीडियावर टाकली की हा टोमणा हमखास येतो. तमिळ कवींनी तो कित्येक दशकांपूर्वीच ऐकला होता. तिथे तर प्रश्न दोन हजार वर्षांच्या परंपरेचा होता.

तमिळ छंदशास्त्राचे नियम 'तोल्काप्पियम' या प्राचीन ग्रंथापासून चालत आले आहेत. मराठीत यमक सहसा ओळीच्या शेवटी जुळतं. तमिळमध्ये सुरुवातीलाही जुळवावं लागतं. पहिलं अक्षर जुळलं तर 'मोनै', दुसरं जुळलं तर 'एदुगै'. शिवाय प्रत्येक ओळीचं मोजमाप ठरलेलं. हे पाळलं नाही तर ती कविताच नाही, असं पंडित मानत.

या चौकटीबाहेर आधी डोकावले सुब्रह्मण्य भारती. त्यांनी गद्यकाव्य लिहिलं, पण 1921 मध्ये त्यांचं निधन झालं आणि ती वाट तिथेच थांबली.

ती पुढे नेली न. पिच्चमूर्ती यांनी. 1900 मध्ये कुंभकोणम इथे जन्म, पेशाने वकील, पुढे मंदिरांच्या कारभारात अधिकारी. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या मुक्त कवितेने त्यांना दिशा दिली. 1934 मध्ये 'मणिक्कोडी' या नियतकालिकात त्यांची 'कादल' (प्रेम) ही कविता आली. तमिळमधल्या 'पुदुक्कवितै'ची, म्हणजे नव्या कवितेची, सुरुवात बहुतेक अभ्यासक इथून मानतात. साधारण त्याच काळात मराठीत कवी अनिल मुक्तछंद रुजवत होते.

मग त्यांनी नेमकं केलं काय? छंद सोडला, पण लय सोडली नाही. जुन्या छंदांचा नाद त्यांच्या कानात होताच. फक्त ओळ कुठे थांबवायची हे नियमाऐवजी आशय ठरवू लागला. विषयही बदलले. 'पेट्टीक्कडै नारणन' या त्यांच्या कवितेचा नायक देव किंवा राजा नाही, तर छोटंसं दुकान चालवणारा माणूस आहे.

तरीही चळवळ उभी राहायला 1959 उजाडावं लागलं. त्या वर्षी सी. सु. चेल्लप्पा यांनी 'एळुत्तु' हे मासिक सुरू केलं आणि नव्या कवितेला हक्काची जागा दिली. पिच्चमूर्ती पुन्हा कवितेकडे वळले, त्यांच्या मागोमाग तरुण कवी आले. 1962 मध्ये 24 कवींचा 'पुदुक्कुरलगळ' (नवे आवाज) हा संग्रह निघाला. टीका तेव्हाही झाली. पण 1970 च्या दशकात कोइम्बतूरच्या 'वानम्बाडी' कवींनी हाच प्रकार सामाजिक प्रश्नांसाठी वापरला आणि तो सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

1976 मध्ये पिच्चमूर्ती गेले. आज तमिळमधली बहुतांश गंभीर कविता मुक्तछंदातच लिहिली जाते. तो टोमणा मात्र अजून पूर्ण थांबलेला नाही. त्यावर पिच्चमूर्तींच्या कविता एवढंच दाखवतात, की छंदाचा नियम सोडला तरी शब्दांची जबाबदारी सुटत नाही. उलट ती वाढते.